फुलावरचं पाणी

माझ्या नवऱ्याला बांधीत पाणी दिसल्याशिवाय करमत नसे. आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातले धान पिकवणारे लोक. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी साचून असावं लागतं, आणि ते किती असावं याबाबत आमच्या घरात ह्यांचा शब्द शेवटचा होता. "बांधीत आभाळ दिसलं पाह्यजे," असं ते म्हणायचे. म्हणजे बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभं राहून खाली पाहिलं की रोपांच्या मधल्या पाण्यात ढग दिसले पाहिजेत. नाही दिसले तर पाणी कमी आहे. पहाटे उठून ते सगळे धुरे हिंडून यायचे, खेकड्यानं कुठे भोक पाडलं असेल तर टाचेनं चिखल दाबून बुजवायचे, आणि घरी येऊन चहा पिता पिता माझ्याशी भांडायचे.

भांडायला विषय लागत नसे. वांगं मोठं चिरलं, कोंबड्या उशिरा सोडल्या, मुलीशी फोनवर जास्त बोलले, काहीही चालायचं. मीही काही कमी नव्हते. ते एक बोलले की मी दोन बोलायची. आमची मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, तेव्हा म्हणाली होती की तुमचं भांडण ऐकल्याशिवाय मला तिथं सकाळ झाल्यासारखीच वाटत नाही. लोकांना वाटे, ह्या दोघांचं पटत नाही. आमचं इतकं पटत होतं की आम्हाला एकमेकांची भीतीच नव्हती.

मग ह्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली, पण हळूहळू सुटली. भांडणापुरती बरोबर सुटली, असं मी जावेला म्हणायची, आणि ते ऐकून हे अर्ध्या तोंडानं हसायचे. काठी घेऊन अंगणापर्यंत जाता यायला लागलं. पण शेत हातातून गेलं ते गेलंच. ते माझ्याकडे आलं.

खरिपाचा धान मी जावेच्या आणि मजुरांच्या जोरावर काढला. प्रश्न नंतरचा होता. गावच्या तलावाचं पाणी आमच्या टोकाच्या बांधीपर्यंत पावसाळ्यातच कसंबसं पोचतं. रब्बीत त्याचं नावही घ्यायला नको. शेजारच्या बांध्या दिराच्या. त्यांच्याकडे बोअर आहे, ते उन्हाळी धान लावतात. आमच्याकडे बांधीच्या वरच्या अंगाला एक बोडी. बोडी म्हणजे आमच्या भागातलं लहानसं तळं, ज्याच्या त्याच्या शेतापुरतं. पावसाळा संपला की तिच्यात जे पाणी उरेल तेवढंच आमचं.

त्या वर्षी बचत गटाच्या बैठकीला कृषी विभागातली एक मुलगी आली होती. तिनं हरभऱ्याचं सांगितलं. धान कापल्यावर जमिनीत जी ओल राहते, ती आपण उन्हाला देऊन टाकतो. त्या ओलीवर लगेच हरभरा पेरा, बी रात्रभर भिजवून पेरा. पाणी दोनदाच द्यायचं, एकदा फुलं येण्याआधी, एकदा घाटे भरताना. तेही सरीतून, बांधी तुंबवायची नाही. आणि फुलावर पाणी मुळीच द्यायचं नाही. मी घरी येताना वाटेतच ठरवलं. बोडीचं पाणी दोन वेळांना पुरणार होतं.

"चना?" हे म्हणाले. आम्ही हरभऱ्याला चनाच म्हणतो. "पान्याविना?"

"पान्याविना नाही. थोड्या पान्यावर."

"थोड्यावर जगते कोनी बी. पर कसं जगते, ते माज्याकडं पाह्य."

"अन् तुमची लाखोरी कोनाच्या पान्यावर येत होती जी?"

लाखोरी हे आमच्याकडचं जुनं कडधान्य. धान उभा असतानाच त्याच्या पायाशी फेकून द्यायचं, धान कापून नेला की मागे राहिलेल्या ओलीवर ते आपलं आपण वाढतं. माझी सासू दरवर्षी फेकायची. लाखोरीला कधी कुणी एक थेंब पाणी दिलं नाही.

"ते पीक थोडीच हाय," हे म्हणाले. "ते आपोआप येते. आपोआप येते त्याले पीक म्हनते का कोनी?"

हे असं होतं. ज्याला पाणी पाजावं लागत नाही ते ह्यांच्या लेखी पीकच नव्हतं. पाणी पाजणं म्हणजे माया, आणि माया दिसली पाहिजे. जमिनीच्या आत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मी मूठभर माती उचलून दाबून दाखवली, तिचा लाडू झाला, तर म्हणाले, लाडू खा मग.

तरी मी पेरला. धान कापून बांधी मोकळी झाली त्याच आठवड्यात, माती अजून पायाला चिकटत होती तेव्हा. सऱ्या पाडल्या. ह्यांना दीर गाडीवर मधे बसवून आणायचे, मागून जाऊ धरून असायची. मोहाच्या झाडाखाली आम्ही एक बाज टाकली होती. तिच्यावर बसून हे दिवसभर माझ्या कामाला नावं ठेवत. सऱ्या पाहून म्हणाले, सडक बनवून राहिली का. रोपं वर आल्यावर शेंडे खुडायला मी दोन बायका आणल्या, शेंडे खुडले की फांद्या फुटतात म्हणून, तर म्हणाले, आधीच उपाशी लेकरू, त्याचे केसही कापले. खुडलेल्या शेंड्यांची भाजी मात्र ते दोनदा मागून खायचे.

पहिलं पाणी दिलं तेव्हाचं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. बोडीच्या पाळीत सिमेंटचा पाइप आहे, त्याच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबलेला असतो. तो काढला, पाणी सऱ्यांतून शेवटपर्यंत पोचू दिलं, आणि लगेच बोळा परत ठोकून बसवला. वरची माती नुसती काळी झाली होती.

"हे पानी देली का थुंकी लावली?" हे म्हणाले.

"चन्याले इतकंच लागते."

"चन्यानं सांगतला तुले?"

"तुमाले सांगते का धान?"

"मले सांगते," ते म्हणाले. आणि ते खरं होतं. धान त्यांना सांगायचा. म्हणून तर मला राग येत नव्हता. मी हसत होते, आणि वर पाळीवरून दीर म्हणत होते की तुमी दोघं टीव्हीवर जा.

ते दिवस फार चांगले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. आजारपणानं ह्यांचं सगळं घेतलं होतं, पण बोलायचा हक्क घेतला नव्हता. बाजेवर बसूनही शेतात त्यांचा एक वाटा होता. मी ऐकायची नाही, पण ते सांगायचे, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय माझं काम पुढे सरकत नसे.

हरभऱ्याला फूल लागलं. बारीक जांभळी फुलं, जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. धानाची जमीन वाळली की तडकते, तशा सऱ्यांच्या मधे भेगा पडू लागल्या. मी खुरपीनं माती हलवून भेगा बुजवत होते, कारण भेगेतून आतली ओल उडून जाते. हे पाहत होते. पलीकडे दिरांच्या बांध्यांत रोवणीसाठी चिखल केलेला, त्यावर पाणी चमकत होतं, बगळे उतरले होते. ह्यांचं तोंड सारखं तिकडे वळायचं.

"भेगा पान्यानं बुजतेत," ते म्हणाले. "खुरपीनं नाही."

"आत ओल हाय जी. उकरून पाहा."

"जमीन तोंड उघडून राहिली अन् तू तिच्या तोंडात माती घालून राहिली." त्यांच्या आवाजात त्या दिवशी थट्टा नव्हती, ते मला आता कळतं. त्यांना खरंच त्या पिकाची दया येत होती.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या गोळ्या संपल्या. मी एसटीनं अर्जुनीला गेले. जाताना ह्यांना बाजेवर बसवून गेले, कारण घरी बसायला ते तयार नसत. दुपारी जाऊ येऊन त्यांना घरी नेणार होती. पण तिच्या घरी पाहुणे आले, तिला उशीर झाला. माझीही परतीची गाडी उशिरा निघाली. मी घरी न जाता थेट शेतावरच उतरले.

बाज रिकामी होती. हे धुऱ्यावर बसले होते. लुंगी चिखलानं भरलेली, कोपर सोललेलं, काठी कुठे तरी पडलेली. आणि चेहरा असा की आजारपणानंतर मी तो पाहिलाच नव्हता. अर्धं तोंड हसत होतं आणि उरलेलं अर्धं हसायचा प्रयत्न करत होतं.

"पाह्य," ते म्हणाले. "आभाळ दिसून राहिलं."

बांधी पाण्यानं भरली होती. सऱ्या बुडाल्या होत्या. फुलावर आलेला हरभरा गुडघाभर पाण्यात उभा असल्यासारखा दिसत होता, आणि त्याच्या मधे मधे खरंच आभाळ होतं. बोडीच्या पाइपातून आता नुसती धार गळत होती. बोडी रिकामी झाली होती.

ते बाजेवरून उतरून तिथपर्यंत कसे गेले, पाळीवर कसे चढले, एका हातानं तो ठोकून बसवलेला बोळा कसा ओढून काढला, हे मी कधी विचारलं नाही. कोपरावरून आणि गुडघ्यांवरून दिसतच होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी एक काम एकट्यानं केलं होतं. आणि ते माझ्यासाठी केलं होतं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि तिथंच धुऱ्यावर बसून डोकं आपटून घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

"मीच देलो पानी," ते म्हणाले. "तुले मदत झाली."

मग त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला. आमच्यात काही लपत नाही.

"काऊन वो? चुकलं का?"

"त्याच्यावर फूल हाय जी."

"म्हनून त देलो," ते म्हणाले. "फूल आलं तवाच पानी पाह्यजे. निसवताना पानी तुटलं त दाना पोचट राहते."

धानाचं बरोबर आहे. धान निसवतो, लोंबी बाहेर येते, तेव्हा त्याची तहान मारली तर सगळं वर्ष पोचट जातं. हे त्यांना त्यांच्या बापानं शिकवलं होतं, आणि ते आयुष्यभर त्या एका वेळेला जपत आले होते. फूल म्हणजे पाणी. त्यांनी माझ्या चन्याला ते दिलं जे त्यांच्याकडे सगळ्यात चांगलं होतं.

"चना धानासारखा नाही," मी म्हटलं. "फुलावर पानी लागलं त फूल झडते. मुळं सडतेत."

"मरंन का?"

खोटं बोलता आलं असतं. पण आम्ही कधी खोटं बोललो नव्हतो, भांडलो होतो. "मरंन," मी म्हटलं. "सगरा नाही मरनार. पानी काढू."

जाऊ तेवढ्यात पळत आली. आम्ही दोघींनी फावडी घेतली. मी जवळच्या धुऱ्याला तोंड पाडायला लागले तर ह्यांनी मला थांबवलं. "तिथं नको. खालच्या कोपऱ्यात पाड, उतार तिकडं हाय." मी तिथं पाडलं, आणि पाणी धावत सुटलं. ते धुऱ्यावर बसून सांगत होते, हे तोंड मोठं कर, ती सरी अडली, गवत काढ. मी करत होते. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघं तेच करत होतो, आणि एवढं सगळं नासलेलं असताना मला मनात वाटत होतं की आम्ही पुन्हा जोडीनं शेती करतो आहोत. आमचं पाणी दिरांच्या बांधीत जाऊन मिळालं.

ते आमचं जोडीचं शेवटचं काम होतं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

सुरुवातीला हरभरा गर्द हिरवा झाला. हे आशेनं पाहत होते. मग फुलं झडली. मग खालून पानं पिवळी पडली, आणि चिखल जिथं जास्त धरला होता तिथं रोपं जागच्या जागी माना टाकत गेली. जी वाचली त्यांना घाटे भरायच्या वेळी द्यायला बोडीत पाणी नव्हतं. मळणी झाली तेव्हा घरच्या डाळीपुरतं निघालं.

त्याचं मला इतकं दुःख झालं नाही. शेतात असं होतं. मला दुःख दुसऱ्या गोष्टीचं आहे. एक दिवस टपरीवर दीर सहज हसत म्हणाले, "दादानं चन्याचा धान केला." दिरांच्या मनात काही नव्हतं, ते स्वभावानं थट्टेखोर आहेत. टपरीवरचे चार जण हसले. हे तिथंच बाकावर बसले होते. पूर्वी असतं तर त्यांनी दिरांची सात पिढ्यांची शेती काढली असती. त्या दिवशी ते नुसते बसून राहिले, आणि घरी येऊन मला म्हणाले, "बरोबरच म्हनला तो."

त्यानंतर माझा नवरा माझ्याशी भांडला नाही.

आधी मला कळलंच नाही. मी म्हटलं, खरिपाला नवीन बियाणं घेऊ का, तर म्हणाले, तू म्हनशील तसं. मजूर कोणते सांगू, तू म्हनशील ते. मुलीकडे जायचं का, तुले वाटते त जाऊ. रस्त्यानं कुणी जय भीम केलं तर जय भीम म्हणायचे, आणि पुढे काही नाही. डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात माणसं अशी मवाळ होतात. डॉक्टरांना काय माहीत. लकवा मारल्यावरही हे माझ्या भाजीला नावं ठेवत होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. खोटं आहे ते. ह्यांची गेली, आणि माणूस माझ्यासमोर बसून आहे.

मी काय काय केलं सांगितलं तर लोक हसतील. वांगं मुद्दाम मोठं चिरलं. कोंबड्या दुपारपर्यंत डाल्याखाली ठेवल्या. एकदा वरणात मीठ दुप्पट घातलं. मला स्वतःला घास गिळवेना. ह्यांनी सगळं वरण संपवलं आणि ताटात पाणी ओतून हात धुतले. मी चुलीपाशी बसून म्हटलं, "खारट झालं का जी?" तर म्हणाले, "चांगलं झालं."

खरिपात धुऱ्यावर नेलं तर पाण्याकडे पाहायचे, पण कमी आहे की जास्त हे सांगायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, तुले समजते. मला समजत नव्हतं. मी अंदाजानं करत होते. धानाचं सगळं ज्ञान त्यांच्या डोक्यात होतं, आणि एका चुकीपायी त्यांनी त्या सगळ्यावरचा विश्वास सोडून दिला होता. मी एकदा चिडून ओरडले, की चन्याचं चुकलं म्हणून धानाचंही चुकतं का माणसाचं? ते म्हणाले, "नाही, तू बरोबर म्हनून राहिली."

पाऊस संपल्यावर मी पुन्हा चनाच पेरला. जाऊ म्हणाली, बाई, कशाला त्या जखमेवर मीठ चोळता, दुसरं काही पेरा. पण मला वाटलं, ह्यांनी आपल्या डोळ्यांनी चांगला आलेला पाहिला तर कदाचित बोलतील. ओलीवर पेरला, सऱ्या पाडल्या, शेंडे खुडले, फुलाआधी सरीतून एक पाणी दिलं. ह्या खेपेला चना असा आला की दीर स्वतःच्या धानाचं काम सोडून पाहायला यायचे. हे बाजेवर बसून असायचे. भेगा बुजवताना मी त्यांच्याकडे पाठ करून हळू हळू खुरपी चालवायची, काही ऐकू येईल म्हणून. काही ऐकू येत नसे.

फूल भरात आलं त्या दिवशी मला राहवलं नाही. मी फावडं खांद्यावर टाकलं आणि बोडीच्या पाळीवर चढले. बाज तिथून जवळच आहे. ह्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं, "पानी देऊन टाकू का जी? फूल आलं हाय."

फुलावर पाणी दिलं तर काय होतं हे आता आमच्या गावात ह्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मी वाट पाहत होते की ते काठी उगारतील, येडी झाली का म्हणतील, मागच्या वर्षीचं विसरली का म्हणतील. मी खाली वाकून बोळ्यावर हातही ठेवला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चन्याकडे पाहिलं. ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील.

"दे," ते म्हणाले. "तू म्हनशील त दे."

मी बोळ्यावरचा हात काढला. पाळीवरून उतरले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "चन्याले फुलावर पानी देतेत का जी? मरंन ना तो."

"बरं," ते म्हणाले. "नको देऊ."

दोन्ही एकाच आवाजात म्हणाले. मी फावडं टाकलं, त्यांच्या शेजारी बाजेवर बसले, आणि पलीकडच्या बांधीत माणसं होती तरी मोठ्यानं रडले. त्यांनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला. मी काऊन रडून राहिली, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.